एका मोठ्या भूकंपापाठोपाठ दुसरा: ताण सुटतो की सरकतो?

एकापाठोपाठ येणाऱ्या मोठ्या भूकंपांबद्दल लोकांना पडणाऱ्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. मोठा भूकंप झाला की जमिनीतला ताण मोकळा व्हायला हवा, मग काही तासांत जवळपास तेवढाच मोठा दुसरा भूकंप कसा होतो? एकाच आठवड्यात जगाच्या वेगवेगळ्या टोकांना मोठे भूकंप झाले तर त्यांचा एकमेकांशी संबंध असतो का? आणि पहिल्या धक्क्यात घर उभं राहिलं असेल, तर आत परत कधी जावं?

भूकंपाच्या नोंदी वाचण्यात आणि भूकंपानंतर तडे गेलेल्या इमारती बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पहिल्या प्रश्नामागे जी समजूत आहे ती सर्वत्र आढळते, आणि तिच्यापायी माणसं मेली आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मोठ्या भूकंपानंतर त्या परिसरात पुन्हा मोठा भूकंप होण्याची शक्यता कमी होत नाही. ती एरवीच्या कित्येक पट वाढते, आणि मग हळूहळू उतरत जाते.

६ फेब्रुवारी २०२३ या दिवसाकडे बघा. दक्षिण तुर्कस्तानात कहरामनमाराश प्रांतात पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. तो सुरू झाला एका लहान शाखा-फॉल्टवर (फॉल्ट म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींलगत सरकतात). तिथून त्याने पूर्व अनातोलिया फॉल्ट या मुख्य फॉल्टवर उडी घेतली आणि दोन्ही दिशांना मिळून तीनशे किलोमीटरहून जास्त लांबीचा पट्टा फाटत गेला. अकरा मिनिटांत ६.७ मॅग्निट्यूडच्या आसपासचा एक धक्का येऊन गेला. दुपारी १ वाजून २४ मिनिटांनी, म्हणजे नऊ तासांनी, सुमारे ९५ किलोमीटर उत्तरेला ७.५ चा भूकंप झाला, आणि तो वेगळ्याच, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या चार्दाक फॉल्टवर. दोन आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, दक्षिणेकडे हाताय प्रांतात आणखी एक सहाच्या वरचा. तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक माणसं गेली, सीरियात आणखी काही हजार.

सर्वसाधारण नियमाने ७.८ नंतरचा सर्वांत मोठा धक्का ६.६ च्या आसपास अपेक्षित असतो. बॉथ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ठोकताळा सांगतो की मुख्य धक्का आणि सर्वांत मोठा आफ्टरशॉक, म्हणजे मागून येणारा धक्का, यांत सरासरी १.२ मॅग्निट्यूडचं अंतर असतं. इथे ते फक्त ०.३ होतं. अशा जोडीला भूकंपशास्त्रात डबलेट म्हणतात: जवळजवळ सारख्या आकाराचे दोन भूकंप, जागेने जवळ, वेळेनेही जवळ. किती जवळ याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही, आणि निसर्गाच्या दृष्टीने तिची गरजही नाही.

ताण मोकळा होतो हे अर्धंच खरं आहे. फॉल्टचा जो तुकडा सरकला त्याच्यावरचा ताण उतरतो. पण त्या तुकड्याच्या टोकांशी सरकणं थांबलेलं असतं, आणि सरकलेल्या खडकाने टाकून दिलेला भार तिथल्या न सरकलेल्या खडकावर येतो. आजूबाजूच्या फॉल्टचंही तसंच. एखादा फॉल्ट सरकणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: पृष्ठभागाला समांतर ओढणारा जोर किती, आणि दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारी पकड किती. शेजारच्या भूकंपाने जोर वाढवला किंवा पकड सैल केली, की फॉल्ट सरकण्याच्या जवळ येतो. दोन्हींचा एकत्रित हिशेब म्हणजे कूलोम ताणबदल. तुर्कस्तानच्या बाबतीत अनेक गटांनी हा हिशेब केला. पहाटेच्या भूकंपाने चार्दाक फॉल्टच्या मधल्या भागावरची पकड ढिली केल्याचं त्यातून दिसतं, आणि दुपारचा भूकंप तिथेच सुरू झाला.

या हिशेबातले आकडे पहिल्यांदा पाहिले की विश्वास बसत नाही. भूकंपात सरकलेल्या फॉल्टवरचा ताण साधारण १० ते १०० बार उतरतो. शेजारी धक्क्यांचं प्रमाण वाढायला मात्र ०.१ ते १ बार एवढी भर पुरते. ०.१ बार म्हणजे एक मीटर पाण्याच्या थराखालचा दाब. एवढ्याशा भरीने ७.५ चा भूकंप घडत असेल तर त्याचा अर्थ उघड आहे: तो फॉल्ट शेकडो वर्षं भरत येऊन आधीच काठावर पोहोचला होता. पहिल्या भूकंपाने त्याची वेळ अलीकडे ओढली. म्हणूनच प्रत्येक मोठ्या भूकंपाला जोडीदार मिळत नाही. शेजारी तयार असलेला फॉल्ट हवा, आणि तो ताण वाढलेल्या बाजूलाच हवा. ताण घटलेल्या पट्ट्यात कित्येक वर्षं शांतता पसरल्याचीही उदाहरणं आहेत.

भार तर क्षणात वाढला, मग दुसरा भूकंप लगेच का होत नाही? तीन-चार प्रक्रिया एकदम चालू असतात. फॉल्टवरचं घर्षण स्थिर नसतं. काठावर आलेला फॉल्ट आधी अगदी हळू, मोजता येणार नाही इतकं सरकायला लागतो आणि त्याचा वेग वाढत वाढत शेवटी तो सुटतो. ताणाची भर पडली की हे घड्याळ पुढे सरकतं. सरकलेल्या फॉल्टचा खालचा आणि कडेचा भाग भूकंपानंतरही दिवसचे दिवस, महिनेच्या महिने संथपणे सरकत राहतो आणि शेजाऱ्यांवर भार टाकत राहतो. खडकांच्या फटींतलं पाणी दाबाच्या फरकामुळे वाट काढत पसरतं. ते जिथे पोहोचतं तिथे पकड सैल होते. फार खोलवर, जिथे खडक उष्णतेने मऊ आहे, तिथे ताण वर्षानुवर्षं सावकाश वाहतो. त्यामुळे दुसऱ्या भूकंपाची वेळ मिनिटांपासून दशकांपर्यंत कुठेही पडू शकते.

जपानच्या दक्षिण किनाऱ्याजवळची समुद्रतळावरची नानकाई खंदक याचा उत्तम नमुना आहे. १७०७ मध्ये तिचा पूर्वेचा आणि पश्चिमेचा भाग एकाच भूकंपात फाटला. १८५४ मध्ये २३ डिसेंबरला पूर्वेचा भाग गेला आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिमेचा. त्यानंतरच्या खेपेला पूर्वेचा ७ डिसेंबर १९४४ रोजी आणि पश्चिमेचा २१ डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे मध्ये दोन वर्षं. तीच खंदक, तेच दोन भाग, आणि तीन वेळा तीन तऱ्हा. जपानी यंत्रणेपुढचा पेच असा, की अर्धा भाग फाटला तर उरलेल्या किनाऱ्यावरच्या लोकांना किती दिवस तयार ठेवायचं?

उत्तर अनातोलिया फॉल्टवर हीच गोष्ट दशकांच्या मापात घडली. १९३९ मध्ये पूर्वेला एर्झिंजान इथे सुरुवात झाली. पुढच्या साठ वर्षांत १९४२, १९४३, १९४४, १९५७, १९६७ असे मोठे भूकंप ढोबळमानाने पश्चिमेकडे सरकत गेले. १९९७ मध्ये स्टाइन, बार्का आणि डीटरिश या तिघा संशोधकांनी ताणाचा हिशेब मांडून ज्या जागांवर बोट ठेवलं होतं त्यांत इझमित होतं. १७ ऑगस्ट १९९९ रोजी इझमितचा भूकंप झाला, १७ हजारांहून अधिक मृत्यू. ८७ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, त्याच्या पूर्व टोकाला लागून ड्युझजेचा ७.२ चा. सुमात्रातही असंच. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर मॅक्लोस्की आणि सहकाऱ्यांनी दक्षिणेच्या पट्ट्यावर भार वाढल्याचा इशारा १७ मार्च २००५ रोजी छापला. २८ मार्चला नियास बेटाजवळ ८.६ चा भूकंप झाला. या दोन उदाहरणांवरून भूकंप वर्तवता येतो असं समजू नका. कुठे धोका वाढला हे कळलं, कधी ते कुणीच सांगितलं नव्हतं. आणि ज्या भरलेल्या जागी काहीच झालं नाही त्यांच्या बातम्या होत नाहीत.

काही जोड्या तर नोंदीतच लपलेल्या असतात. २९ सप्टेंबर २००९ चा सामोआ-टोंगाचा भूकंप सुरुवातीला आठच्या वरचा एकच वाटला होता. नंतरच्या विश्लेषणातून दिसलं की महासागराखालची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) वाकते तिथला, खडक ओढला जाऊन फाटल्याचा भूकंप आणि प्लेटच्या सांध्यावरचे दाबाचे मोठे भूकंप दोन मिनिटांच्या आत एकमेकांवर चढले होते. पहिल्याच्या लाटांच्या गोंगाटात पुढचे बुडाले. २००६-०७ मध्ये कुरील बेटांजवळ याच दोन प्रकारांची जोडी दोन महिन्यांच्या अंतराने आली, १५ नोव्हेंबरला ८.३ आणि १३ जानेवारीला ८.१. त्यामुळे ती ओळखायला कुणाला त्रास पडला नाही.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय धोक्याचा अंदाज येत नाही. जपानमधल्या १८९१ च्या नोबी भूकंपानंतरचे धक्के मोजताना ओमोरी यांना आढळलं की त्यांचं प्रमाण दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटतं: दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहावा हिस्सा, शंभराव्या दिवशी शंभरावा. लोक हे ऐकून निवांत होतात. पण याच नियमाची दुसरी बाजू अशी की पहिल्या ते दहाव्या दिवसात जितके धक्के बसतात, साधारण तितकेच दहाव्या ते शंभराव्या दिवसात बसतात. शेपूट फार लांब असते. नोबीच्या धक्क्यांची घट पुढे शंभर वर्षं त्याच नियमाने चालल्याचं दिसलं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही: काळाबरोबर धक्क्यांची संख्या घटते, त्यांचा आकार घटत नाही. प्रत्येक धक्का किती मोठा निघेल हे नेहमीच्याच वाटपाने ठरतं. एक मॅग्निट्यूड खाली उतरलं की दहापट जास्त धक्के, एक वर चढलं की दहापट कमी. धक्का ज्या भूकंपामुळे सुरू झाला त्याच्या आकाराची मर्यादा त्याला बंधनकारक नसते. म्हणून अधूनमधून मागून आलेला धक्का पहिल्यापेक्षा मोठा निघतो, आणि आपण पहिल्याचं नाव बदलून त्याला पूर्वधक्का म्हणतो. पूर्वधक्का, मुख्य धक्का, आफ्टरशॉक ही विभागणी सगळं संपल्यावर केलेली असते. पहिल्या मिनिटाला, पहिल्या दिवशी, यंत्रावर तिघेही सारखेच दिसतात. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून काढलेला ढोबळ आकडा असा, की कोणत्याही भूकंपानंतर आठवड्याभरात त्याच जागी त्याहून मोठा होण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते.

पाच टक्के थोडे वाटतात का? कुमामोतोत वाटले असावेत. १४ एप्रिल २०१६ च्या रात्री तिथे ६.२ चा भूकंप झाला आणि माशिकी या गावात जपानी मापावरची सर्वोच्च तीव्रता (त्या जागी जाणवलेला हादरा, मॅग्निट्यूड नव्हे), ७, नोंदली गेली. त्यालाच मुख्य धक्का धरून पुढे लहान धक्के येतील असं सांगितलं गेलं. बरीच माणसं घरी परतली. २८ तासांनी, १६ एप्रिलला मध्यरात्रीनंतर १ वाजून २५ मिनिटांनी, शेजारच्या फुतागावा फॉल्टवर ७.० चा भूकंप झाला आणि माशिकीत पुन्हा तीव्रता ७. थेट मृत्यू ५०. त्यांतले बहुतेक दुसऱ्या भूकंपातले. त्याच वर्षी जपानच्या हवामान संस्थेने आपली पद्धत बदलली. आता मोठ्या भूकंपानंतर लगेच आफ्टरशॉकची टक्केवारी सांगत नाहीत. साधारण आठवडाभर तेवढ्याच तीव्रतेच्या हादऱ्याची तयारी ठेवा असं सांगतात. मला हा बदल या विषयातल्या अलीकडच्या सगळ्या शोधनिबंधांपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो. कुमामोतोच्या पाच वर्षं आधी, ९ मार्च २०११ रोजी, तोहोकूच्या किनाऱ्यापुढे ७.३ चा भूकंप झाला होता. तेव्हा तो स्वतंत्र घटना म्हणून वाचला गेला. ५१ तासांनी ९.० चा आला.

याच्या उलट टोकाला छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते ही समजूत आहे. इटलीत लाक्विला इथे २००९ मध्ये महिनोन्महिने लहान धक्के बसत होते. नागरी संरक्षण विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टीव्हीवर असं सांगितलं की ऊर्जा सतत निघते आहे, त्यामुळे परिस्थिती अनुकूल आहे. ६ एप्रिलला पहाटे ६.३ चा भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४ मध्ये अपिलात सुटले. खटल्यावर मतभेद असू शकतात, गणितावर नाहीत. मॅग्निट्यूड एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट. ७ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा सोडायला ५ चे एक हजार किंवा ४ चे सुमारे ३२ हजार भूकंप लागतील. लहान धक्क्यांच्या कुठल्याही झुंडीत इतके होत नाहीत. अर्थात झुंड आली म्हणजे मोठा भूकंप येणारच असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला सांतोरिनीजवळ हजारो धक्के बसले, हजारो लोक बेट सोडून गेले, आणि सर्वांत मोठा धक्का पाचच्या थोडा वर जाऊन झुंड विरली. जपानच्या नोतो द्वीपकल्पात २०२० च्या अखेरीपासून चाललेल्या झुंडीनंतर १ जानेवारी २०२४ ला ७.५ चा भूकंप झाला. झुंड चालू असताना या दोहोंतला फरक सांगणारी भरवशाची खूण आज हाती नाही.

आता इमारतींकडे वळते, कारण दुसऱ्या भूकंपात माणसं मरतात ती पहिल्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारतींत. बहुतेक देशांतल्या डिझाइन संहिता इमारतीवर एक मोठा भूकंप येईल असं धरतात. त्या भूकंपात इमारतीने तडे घेऊन, वाकून, स्वतःचं नुकसान करून ऊर्जा पचवावी आणि माणसं बाहेर पडेपर्यंत उभी राहावी, ही अपेक्षा असते. म्हणजे चांगली इमारतसुद्धा पहिल्या भूकंपात आपली शिल्लक खर्च करते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तिथेच पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. कॉलमच्या टोकाशी असलेल्या सळईचं तेच होतं. पहिल्या धक्क्यात सळईवरचं काँक्रीट फुटून गळून पडतं, सळयांना बांधून धरणाऱ्या रिंगा उघडतात, आधार सुटलेली सळई बाहेरच्या बाजूला फुगते. दुसऱ्या धक्क्यात ती तुटते आणि मजला खाली बसतो. नुकसानीने इमारत ढिली पडते, तिचा झुलण्याचा काळ वाढतो. पूर्वी जिने तिला फारसं हलवलं नसतं अशी लांब काळाची लाट आता तिला हलवू शकते. पहिल्यानंतर इमारत थोडीशी जरी कलती राहिली असेल, तर तिचं स्वतःचं वजन तिला त्याच बाजूला ओढत असतं.

एक गोष्ट बघणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते. काँक्रीटच्या सांगाड्यातल्या विटांच्या भिंती हिशेबात धरलेल्या नसल्या तरी पहिल्या धक्क्यात त्या बराच भार उचलतात. तळमजल्यावरच्या भिंती त्यात फुटल्या, की दुसऱ्या धक्क्याला तो मजला वरच्या मजल्यांपेक्षा एकदम मऊ झालेला असतो. बाहेरून मात्र ‘कॉलम शाबूत आहेत, फक्त भिंतींना तडे गेलेत’ असं दिसतं. दगड-विटांच्या भारवाही घरांत कोपरे बघा. आडव्या भिंतीपासून उभ्या भेगेने सुटलेली भिंत पुढच्या हादऱ्यात सबंध बाहेर कोसळते, आणि तेवढ्याला फार मोठा भूकंपही लागत नाही.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चने हे सगळं दाखवून दिलं. ४ सप्टेंबर २०१० चा डारफील्डचा भूकंप ७.१ चा होता, शहराच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, पहाटे. त्यात थेट मृत्यू एकही नाही. साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी, ६.२ चा आफ्टरशॉक आला. ऊर्जेने पहिल्याच्या विसाव्या हिश्शाहून कमी, पण शहराच्या जवळजवळ खाली आणि उथळ. १८५ माणसं गेली. त्यांतली ११५ सीटीव्ही या एकाच इमारतीत. पहिल्या भूकंपानंतर झटपट पाहणीत त्या इमारतीला हिरवा, म्हणजे वापरायला हरकत नसल्याचा, स्टिकर मिळाला होता. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनच्या चौकशीत तिच्या मूळ डिझाइनमध्येच दोष निघाले. शिवाय तेच मोहल्ले पुन्हापुन्हा द्रवीभवनाने वाळू-चिखलात गेले, कारण एकदा द्रवरूप झालेली वाळू पुढच्या वेळी टिकते असं नाही. धोका ठरवताना मॅग्निट्यूड किती हे जितकं मोजावं तितकंच अंतर आणि खोलीही मोजावी, हे या शहराकडे बघून कळतं.

डोंगराळ भागात उतारांचाही असाच हिशेब असतो. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ च्या भूकंपाने भेगाळलेल्या उतारांवर १२ मे रोजी ७.३ चा बसला. दोनशेहून अधिक माणसं त्या दुसऱ्या भूकंपात गेली, आणि पावसाळा अजून यायचा होता. बचावपथकांची अडचण वेगळीच. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले तास मोलाचे, आणि नेमक्या त्याच तासांत पुढचा मोठा धक्का येण्याची शक्यता सर्वाधिक. विमा कंपन्यांचंही एक कोडं असतं: पुनर्विम्याच्या (विमा कंपन्यांनी स्वतःसाठी घेतलेल्या विम्याच्या) करारांत ७२ किंवा १६८ तासांच्या आतलं नुकसान एकच घटना धरतात, त्यामुळे दुसरा भूकंप कोणत्या तासाला आला यावर कोट्यवधींचा निकाल लागू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. वर सांगितलेला कायमचा ताणबदल अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. फाटलेल्या लांबीच्या एक-दोन पटींपलीकडे तो नगण्य होतो. त्यापलीकडे लाटांचा हादरा पोहोचतो. कॅलिफोर्नियातल्या १९९२ च्या लँडर्स भूकंपाच्या लाटांनी १,२५० किलोमीटरवरच्या यलोस्टोनपर्यंत छोटे धक्के सुरू केले. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला महासागरात ८.६ चा आणि दोन तासांनी ८.२ चा भूकंप झाला, त्यानंतर सहा दिवस जगभर ५.५ वरच्या भूकंपांचं प्रमाण जवळपास पाचपट झाल्याचं पोलिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पण हा अपवाद आहे. बहुतेक मोठ्या भूकंपांनंतर दूरवर मोठा भूकंप घडत नाही.

मग एकाच आठवड्यातले ते भूकंप? जगात ७ आणि त्यावरचे भूकंप वर्षाला सरासरी १५ होतात. ते अगदी योगायोगाने पडतात असं धरलं, तर कोणत्याही एकानंतर सात दिवसांच्या आत जगात कुठेतरी दुसरा होण्याची शक्यता जवळपास २५ टक्के येते. चोवीस तासांच्या आत दुसरा होण्याची ४ टक्के, म्हणजे अशी जोडी दोन वर्षांत एकदा तरी दिसायलाच हवी. २००४ ते २०११ या काळात सुमात्रा, चिली, तोहोकू असे महाभूकंप आले तेव्हा जग एखाद्या नव्या टप्प्यात शिरलंय का अशी चर्चा झाली. मायकल या संशोधकाने, आणि स्वतंत्रपणे शिअरर व स्टार्क यांनी, आफ्टरशॉक वगळून आकडे तपासले. ते योगायोगाहून वेगळे निघाले नाहीत. मेक्सिकोत १९८५, २०१७ आणि २०२२ या तिन्ही वर्षी १९ सप्टेंबरलाच मोठे भूकंप झाले, शेवटचे दोन तर वार्षिक कवायतीच्या दिवशीच, कवायत उरकल्यावर काही तासांच्या आत. त्यातही यापलीकडे काही नाही.

राहिला घरी परतण्याचा प्रश्न. इटलीत २०१६ मध्ये काय झालं ते बघा. २४ ऑगस्टला ६.२ च्या भूकंपात अमात्रिचे हे गाव उद्ध्वस्त झालं, सुमारे तीनशे मृत्यू. २६ ऑक्टोबरला विस्सोजवळ सहाच्या आसपासचा. ३० ऑक्टोबरला नोर्चाजवळ ६.५ चा, १९८० नंतरचा इटलीतला सर्वांत मोठा. नोर्चातली सान बेनेदेत्तोची बॅसिलिका कोसळली, पण ढिगाऱ्याखाली दबून कुणी मेलं नाही, कारण आधीच्या धक्क्यांनंतर धोक्याची घरं रिकामी केलेली होती. शिवाय १९७९ आणि १९९७ च्या भूकंपांनंतर नोर्चात बऱ्याच इमारतींचं मजबुतीकरण झालेलं होतं.

म्हणून भूकंप कधी येईल यापेक्षा ‘ही इमारत आणखी एक तेवढाच हादरा सोसेल का’ हे विचारा. कॉलम आणि बीमच्या सांध्याजवळ तिरके तडे, उघडी पडलेली किंवा फुगलेली सळई, कललेला मजला, घट्ट बसायला लागलेले दरवाजे, कोपऱ्यातून सुटलेली भिंत, तळमजल्यावर फुटलेल्या भिंती: यांपैकी एकही असेल तर इंजिनिअरने बघेपर्यंत आत झोपू नका. कागदपत्रं आणायला दोन मिनिटं आत जाणं हेसुद्धा त्या पहिल्या दिवसांत महाग पडतं. यांपैकी काही नसेल, भूकंप जवळचा आणि मोठा असेल, तर निदान पहिला आठवडा रात्री मोकळ्या किंवा भक्कम जागी काढणं शहाणपणाचं. जपानमध्ये ८ ऑगस्ट २०२४ च्या ७.१ च्या भूकंपानंतर नानकाईसाठी पहिल्यांदा जी सावधानतेची सूचना निघाली, तिचीही मुदत आठवडाभर होती. धोका एरवीच्या काही पट वाढलेला असला तरी तो काहीशे वेळांत एकदाच खरा ठरणारा आहे, हेही लोकांना सांगितलं गेलं होतं. आठवडा संपला म्हणजे धोका संपला असं नाही, पण सतत बाहेर राहणंही कुणाला जमत नाही.

लाल, पिवळ्या, हिरव्या स्टिकरबद्दल एक खुलासा. ही झटपट पाहणी असते, पुष्कळदा बाहेरून आणि काही मिनिटांत केलेली. हिरवा म्हणजे या भूकंपाने इमारतीची मूळ ताकद ठळकपणे घटवलेली दिसत नाही, एवढंच. मूळ ताकद किती होती हे तो सांगत नाही. आणि त्याच्यावर तारीख असते ती वाचा. त्या तारखेनंतर मोठा धक्का बसला असेल तर तो कागद रद्द समजा आणि नव्याने तपासणी मागा.